पाय आधी, तोंड मागनं

"तोंडं कधी देणार आहेस?" हे मी मेहरूला बोललेलं शेवटचं वाक्य. फोनवर, चढ्या आवाजात, मागं छपाईचं मशीन धडधडत असताना. पलीकडून ती म्हणाली, "देतो गं बाई, कुठं पळून चाललोय व्हय?" आणि तिनं फोन आपटला. (आमच्या कोल्हापुरात बायकासुद्धा 'देतो', 'येतो'च म्हणतात, परगावच्या वाचकांनी दचकू नये.) दुसऱ्या दिवशी दुपारी प्रज्ञाचा फोन आला. प्रज्ञा ही मेहरूची विद्यार्थिनी, उचगावची, गेली काही वर्षं कायम तिच्या मागं मागं असायची. एरवी एका दमात दहा वाक्यं बोलणारी पोरगी, त्या दिवशी तिला शब्द सापडेनात. "काकू... मॅडमच्या छातीत दुखाय लागलं म्हणून रिक्षातनं न्हेलतं... पोचायच्या आधीच..." एवढंच म्हणाली. मी फोन धरून उभी. लोक म्हणतात, अशा वेळी डोळ्यांपुढं अंधारी येते, रडू फुटतं. मला आधी राग आला. खरं सांगते, डोक्यात सणक गेली. म्हटलं, बघा, गेलीच की नाही अर्धवट टाकून!

त्या शेवटच्या वाक्याचं मला वाईट वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते. भेटायला येणारी माणसं मान हलवत, चुकचुकत नेमकं तेच विचारतात. इतकी वर्षं आम्ही दोघी एकमेकींशी याच पट्टीत बोललो. त्या दिवशी मी गोडीगुलाबीनं काही बोलले असते, तर नलूला, म्हणजे मला, ताप चढलाय की काय म्हणून ती रिक्षा करून प्रेसवर आली असती. आता राहिला प्रश्न तोंडांचा. मी मुलांसाठी एक पुस्तक लिहिलं होतं... चंदगडकडच्या एका गावात रात्री मुक्कामाला राहणाऱ्या आणि सकाळी माणसं भरून निघणाऱ्या एसटीवर. एका पानावर एक प्रवासी. चित्रं मेहरूची. चित्रांत धुकं होतं, लाल गाडी होती, काजूच्या पिशव्या होत्या, माणसं होती. आणि एकाही माणसाला तोंड नव्हतं. पाय, गुडघे, पदर, सदऱ्याची गुंडी, गळ्यातली माळ, सगळं मानेपर्यंत मन लावून रंगवलेलं. मानेच्या वर कोरा कागद. ती असताना त्या कोऱ्या जागांवरून आमची रोज जुंपायची. ती गेल्यावर त्या जागा माझ्या डोळ्यांपुढनं हलेनात.

मेहरून मुजावर हे नाव पुरवणीच्या वाचकांना ठाऊक असेलच असं नाही. चित्रं काढून देणाऱ्या माणसाचं नाव पुस्तकात कुठंतरी आतल्या पानावर, बारीक अक्षरात असतं. पण तिची चित्रं तुमच्या घरात येऊन गेलीत. मुलांचे दिवाळी अंक, शाळेच्या स्वाध्यायपुस्तिका, भिंतीवरची कॅलेंडरं, आरोग्य केंद्रातली 'हात धुवा' सांगणारी पोस्टरं... त्यातला हात धुणाऱ्या मुलाचा पाय बघा. नळाचं पाणी उडून पायावर आलंय आणि त्यानं एक पाय दुसऱ्या पायाला पुसलाय. असला पाय दिसला की समजायचं, मेहरू!

या पायांचं मूळ तिच्या वडिलांत. ते पेंटर. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर आणि मुख्य म्हणजे सिनेमाचे बॅनर. मेहरू लहान असल्यापासून त्यांच्याबरोबर जायची. वडील शिडीवर, हिरो-हिरॉइनच्या तोंडावर ब्रश मारत असायचे, आणि ही खाली जमिनीवर उभी राहून हात पोचेल तेवढा भाग रंगवायची. गवत, बूट, साडीचा घोळ, पाय. "वरची बाजू अब्बांची, खालची माझी," असं फुशारकीनं सांगायची. वडील म्हणायचे, "पाय कसे का असंनात बेटा, तिकीट तोंडावर खपतंय." ते तिला लागायचं. मग हट्टाला पेटून ती असे काही पाय काढायची, की थिएटरबाहेर उभं राहिलेलं माणूस हिरॉइनच्या तोंडाकडं बघायचं सोडून तिच्या घोट्याकडं बघत राहायचं. पुढं ती रीतसर चित्रकला शिकली, परीक्षा दिल्या, पण हाताला लागलेलं वळण सुटलं नाही. माणूस काढायचा म्हणजे पायापासून. मग गुडघा, मग कंबर, गवंडी भिंत चढवतो तसं वर वर जायचं आणि तोंड सगळ्यात शेवटी. शिकवणाऱ्यांनी कपाळाला हात लावले. ही ऐकेल तर शपथ.

माझी तिची गाठ पडली ती नव्वदीच्या सुरुवातीला. सासऱ्यांचा लग्नपत्रिका छापायचा प्रेस मी हातात घेतला होता आणि मला मुलांचा दिवाळी अंक काढायची खाज सुटली होती. कुणीतरी सांगितलं, मुजावर पेंटरची मुलगी बरी चित्रं काढते. आली सायकलवरून, कॅरियरला पुठ्ठा बांधलेला, ओढणी कमरेला खोचलेली. बस म्हटलं तर बसली नाही. मी तिला मुखपृष्ठ सांगितलं : मास्तर पोरांना सहलीला पन्हाळ्याला घेऊन चाललेत. "होईल की," म्हणाली आणि गेली. मग बाईसाहेब गायब. निरोपावर निरोप. मशीन खोळंबलेलं, एजंटाचे फोन चालू, आणि अगदी गळ्याशी आल्यावर ही आली, चित्र उलगडलं. काय चित्र होतं म्हणून सांगू! पोरं एकमेकांच्या अंगावर पडतायत, एकाच्या चपलेचा अंगठा तुटलाय, कुत्रं मागं लागलंय, चढाची वाट धुळीनं भरलीय. आणि मधोमध मास्तर. चपला, पायजमा, कोटाची बटणं, कोटाच्या खिशातलं पेन, गळ्याशी मफलर... आणि कागद संपला.

"डोकं कुठाय?" मी विचारलं.

"बसलं न्हाई."

"बसलं न्हाई म्हणजे?"

"पाय जरा मोठे झाले. मग वर चढत चढत गेलो तर कागदच संपला की," ती म्हणाली, कागदानंच तिला फसवल्यासारखी.

मी जी सुटले! शामराव, आमचा मशीनवाला, तंबाखू मळायचा थांबून बघत राहिला. पण ओरडून डोकं थोडंच उगवणार होतं? वेळ नव्हता. तसाच अंक छापला. तो बाजारात गेला आणि एका हेडमास्तरांचा फोन आला, "शिक्षकाचं डोकं उडवलंत? हे संस्कार?" मी त्यांची माफी मागतेय तोवर दुकानांतनं मागणी यायला लागली. पोरं म्हणे 'त्यो बिनडोक मास्तरचा अंक द्या' म्हणून मागत होती. एकही प्रत उरली नाही. मेहरूला सांगितलं तर म्हणाली, "बघ! आणि तू मला शिव्या घातल्यास." त्या दिवशी आमची दोस्ती झाली असं म्हणायला हरकत नाही, कारण त्याच दिवशी आम्ही दुसऱ्यांदा भांडलो.

तिच्या पायाला भिंगरी होती. एक काम हातात असताना दुसऱ्यावर डोळा, दुसरं मिळालं की तिसऱ्यासाठी घरातनं पळ. सकाळी स्वाध्यायपुस्तिकेतले दोडके-भोपळे काढत असायची, दुपारी काजूच्या पाकिटावर बाई बसवत असायची, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाता खाता भेळवाल्याचा कागद घेऊन त्यावर पुढच्या अंकाचं काही काढायला लागायची. भेळ तशीच मऊ पडायची. भाऊ-भावजयीच्या घरावर तिची एक खोली होती, तिथं कधी गेलं तर टेबल कालच्या जागी नसायचं. "उजेड बदलला," म्हणायची. अगं, उजेड कसा बदलंल? पण ती सरकवायचीच. लग्नाचं विचारणारे थकले. "मी बसतो कुठं, म्हणजे कुणी येऊन बघणार?" म्हणून हसायची. आणि काम दिलं म्हणजे सुटलं असं तिच्या बाबतीत कधी व्हायचं नाही. चित्र देऊन गेली की दोन दिवसांनी हजर, "नलू, त्या म्हातारीचा गुडघा चुकलाय, दे इकडं." छपाईची प्लेट झाली तरी येणार, मशीन लागलं तरी येणार. शेवटी मी शामरावला सांगून ठेवलं, छपाई चालू असताना मेहरूबाईला दारातनं आत घ्यायचं नाही. तर खिडकीतनं ओरडायची.

दोन हजार साल उलटलं आणि गावभर फ्लेक्स लागायला लागले. चौकाचौकात वाढदिवसाच्या माणसांची भली मोठी, गुळगुळीत तोंडं. तिच्या वडिलांच्या शिड्या परसात पडून राहिल्या. ते शेवटी शेवटी खाटेवर पडून विचारायचे, "आता कोण रंगवतंय गं बॅनर?" आणि ही काहीबाही नाव सांगायची. ते गेल्यावर तिनं हट्टानं कॉम्प्युटर शिकायला घेतला. वयाच्या चाळिशीत, कॉलेजच्या पोरांच्या रांगेत बसून. पहिल्या आठवड्यात आनंदानं नाचत आली, "नलू, हितं कागदच संपत न्हाई! पाय केवढा पण काढा, वर जागा वाढवता येती." मी म्हटलं, चला, सुटलो एकदाचे. महिन्याभरात सोडून दिलं. का, तर म्हणाली, "कागद संपतच न्हाई म्हटल्यावर मला काढायचंच सुचंना. झोपच लागंना झाली." आता याला काय म्हणावं? पुन्हा पुठ्ठा, पुन्हा शाई.

शिकवायला मात्र ती मनापासून शिकवायची, तिथं धरसोड नाही. आधी रविवारचा वर्ग एका शाळेच्या खोलीत, मग एका चित्रकला महाविद्यालयात तासापुरती. पहिला नियम, महिनाभर कुणी तोंड काढायचं नाही. पोरांना घेऊन ती एसटी स्टँडवर जायची, खाली फरशीवर बसवायची आणि म्हणायची, "हां, बघा, किती पाय हाईत, काढा." एकदा मी बरोबर होते. गगनबावड्याकडनं आलेला एक माणूस, चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेला, आपल्याकडं सगळी पोरं बघतायत म्हटल्यावर बाचकला आणि पिशवी पायांवर ठेवली. मेहरू उठून त्याच्यापुढं, "पावणं, पाय झाकू नका की." तो भडकला, "का, पायात काय सोनं हाय व्हय? चिखल हाय, दिसत न्हाय?" "दिसतंय की. म्हणून तर. मी धुवायला न्हाई आलो, काढायला आलोय." भोवती गर्दी जमली. एकजण म्हणाला पोलिसाला बोलवा. मी तिथून हळूच वडापाव आणायला सटकले. परत येते तर तो माणूस बाकड्यावर ऐसपैस बसलाय, दोन्ही पाय पुढं पसरलेत, आणि पोरांना सांगतोय, "ह्ये करंगळीचं नख बैलानं तुडवलेलं, त्ये पण घ्या."

दुसरा नियम जास्त कडक. दुसऱ्याच्या चित्रात हात घालायचा नाही. पोराचं चित्र कितीही बिघडलेलं असो, ती त्यावर रेघ मारायची नाही. शेजारी वेगळ्या कागदावर दाखवायची. "ज्यानं पाय काढला त्यानंच तोंड काढायचं, चांगलं वाईट त्याचं त्यानं बघावं," असं म्हणायची. प्रज्ञाची आणि तिची पहिली ठिणगी यावरच उडाली. प्रज्ञा फौंड्रीत काम करणाऱ्या बापाची मुलगी. हात असा, की एकदा बघितलेलं तोंड ती पाठ म्हटल्यासारखं उतरवायची. असल्या पोरीला महिनाभर तोंड काढू नको म्हणायचं म्हणजे काय! वर्गात तिनं विचारलंच, "मॅडम, आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या खाली मान घालून दुसऱ्याच्या पायाकडंच बघत आली. मी कशाला परत पाय काढू?" मेहरूनं म्हणे हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाली, "तू तोंड काढ. तुला सूट." तिच्या आयुष्यात तिनं मोडलेला हा पहिला नियम, असं मी तिला चिडवायचे. पण महिन्याभरानं प्रज्ञा आपणहून स्टँडवर जाऊन पाय काढायला लागली, का ते तिनं कधी सांगितलं नाही.

दुसरा नियम मात्र तिच्यासाठीही मोडला नाही. एकदा टेबलावर मेहरूचं अर्धं पोस्टर पडलं होतं, त्यातल्या बाईचं नाक प्रज्ञानं सहज पेन्सिलनं सरळ केलं. मेहरूनं पोस्टर टराटरा फाडलं. आठवडाभर पोरीशी बोलली नाही. बरं, नाक सुधारलं होतं! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. हे मी तिला म्हटलं तर माझ्याशीही बोलायची बंद झाली.

तिचं एकुलतं एक मोठं प्रदर्शन शहरातल्या कलादालनात झालं, त्याचीही तऱ्हा सांगायला हवी. आदल्या दिवशी जाऊन बघते तर चित्रं भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर टांगलेली. "अगं, हे काय? माणसांनी काय रांगत बघायचं?" "वाकतील की," ती म्हणाली, "तोंडं बघायला मान वर करतात, पाय बघायला वाकतील." उद्घाटनाला आलेले पाहुणे स्थूल. वाकले ते उठेनात, दोघांनी काखेत हात घालून उठवलं. लहान पोरं मात्र फिदा. त्यांना पहिल्यांदाच कुणी कडेवर न घेता चित्र दिसत होतं. दुसऱ्या दिवशी गेले तर तिनं अर्धी चित्रं काढून घेतली होती आणि तिथंच जमिनीवर मांडी घालून एकाचा पाय पुन्हा रंगवत होती. बघणारे येऊन तिच्याभोवती उभे. "मेहरू, लाज आण, प्रदर्शन चालू आहे." "असू दे की, चुकलाय त्यो पाय." असं तिचं सगळं. मला तेव्हा हसू यायचं, संतापही यायचा. आता वाटतं, एखादं काम संपलं म्हणून ती कधी स्वस्थ बसलेली मला आठवतच नाही.

मुक्कामी गाडीच्या पुस्तकासाठी ती गेल्या दिवाळीनंतर एकटीच त्या गावाला गेली. माझे गुडघे एसटीला वैतागलेले, म्हणून मी राहिले. जिथं गाडी उभी राहते त्याच्या समोरच्या घरात उतरली. त्या घरच्या बाईला सगळं गाव अक्का म्हणतं. आठवडाभर राहिली आणि गठ्ठा घेऊन आली... सगळी माणसं मानेपर्यंत. "तोंडं?" "पावसाळ्यात जाऊन काढतो. तिथला पाऊस लई जोराचा, त्यात माणसाचं तोंड येगळंच असतंय म्हणे. अक्काला सांगून आलोय, येतो म्हणून." मी म्हटलं, ही सबब आहे. संक्रांत गेली, होळी गेली. मी फोन करायची, ती 'देतो की' म्हणायची. शेवटचा फोन उन्हाळ्यातला.

कब्रस्तानात बायका जात नाहीत. मी तिच्या भावजयीजवळ घरात बसून राहिले. वरच्या खोलीत जायचं धाडस त्या दिवशी झालं नाही. चाळिसाव्या दिवसाचे विधी झाले आणि दुसऱ्याच दिवशी प्रज्ञा प्रेसवर आली. हातात मेहरूचा चित्रं ठेवायचा पुठ्ठा, तिच्या खोलीतनं आणलेला. तिनं टेबलावर चित्रं पसरली, प्रत्येकावर एकेक ट्रेसिंग पेपर ठेवला, आणि मी खुर्चीतनं उठले. त्या कोऱ्या मानांवर तोंडं आली होती! म्हातारा, दोन बहिणी, कंडक्टर, पिशवी घेतलेली बाई... सगळ्यांना नाक-डोळे, हसू, सुरकुत्या. एवढी बेमालूम, की शामराव म्हणाला, "बाईंनी करून ठिवलीवती की!"

"हे कुणी सांगितलं तुला?" मी विचारलं.

"मॅडमनी."

मी उसळले. "खोटं बोलू नकोस. एका नाकासाठी तिनं पोस्टर फाडलं होतं, ते विसरलीस? ती तुला तोंडं काढायला सांगेल?"

पोरीचे डोळे भरले, पण आवाज खाली आला नाही. "सांगितलंवतं. संक्रांतीच्या येळेला डॉक्टरकडं मीच न्हेलतं त्यांना. घाट चढायचा न्हाई, प्रवास करायचा न्हाई म्हणाले. येताना रिक्षात म्हणाल्या, मला काय आता तितं जायाला व्हायचं न्हाई, तोंडं तू काढ."

"मग मला का नाही सांगितलं?"

"नलूला सांगू नको म्हणाल्या. भांडंल म्हणाल्या."

भांडलेच असते. डॉक्टर बदलला असता, तिला दम दिला असता, तूच काढली पाहिजेस म्हणून तिच्या खोलीत ठिय्या मारला असता. ते तिला माहीत होतं. म्हणून मी महिनोन्‌महिने फोनवर तोंडं मागत राहिले आणि ती 'देतो, देतो' करत राहिली. हे मला फार लागलं, आजही लागतं. इतक्या वर्षांच्या मैत्रिणीला सांगितलं नाही, आणि काल आलेल्या पोरीला सांगितलं!

त्यानंतरचे दिवस मी नुसती येरझाऱ्या घालत होते. पुठ्ठा कपाटात ठेवायची, तासाभरानं काढायची. ट्रेसिंग पेपर उचलायची, पुन्हा ठेवायची. तोंडांसकट छापावं तर मेहरूचं मन मोडल्यासारखं वाटे. बिनतोंडाचं छापावं तर शेवटचं पुस्तक अर्धंच राहिलं, असं सगळ्यांनी म्हणावं. एकदा वाटे पोरगी खरं बोलतेय, एकदा वाटे मेहरूनं असं म्हणणं शक्यच नाही. जेवताना तेच, रस्त्यानं जाताना तेच. शामराव म्हणाला, "ताई, एक काय ते ठरवा, मला मशीन लावायचं हाय." शेवटी एका सकाळी उठले आणि उचगावला फोन केला. प्रज्ञाला म्हटलं, पुठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळून घे, चंदगडची गाडी पकडायची आहे. ज्यांची तोंडं आहेत त्यांनाच विचारू.

गुडघ्यांचं काय झालं ते विचारू नका. पाऊस असा, की गाडीच्या खिडकीबाहेर काही दिसत नव्हतं, आत निम्म्या बाकांवर गळत होतं. प्रज्ञा पुठ्ठा पोटाशी धरून बसली होती. गावात उतरलो तर समोरच घर, ओसरीवर एक बाई भात पाखडत बसलेली. साठीची असेल. (तिची बोली चंदगडी, कोकणीकडं झुकणारी. ती मला नीट लिहिता यायची नाही, म्हणून माझ्या कोल्हापुरीत देते.) मी म्हटलं, "अक्का ना? आम्ही कोल्हापूरहून आलोय, मेहरूच्या..." पुढं काय म्हणावं सुचेना. "चित्रवाल्या बाईच्या व्हय? या की, या. ती कुठं हाय? पावसात येतो म्हणालीवती."

मग सांगावंच लागलं. अक्का सूप खाली ठेवून बसली. "लई बोलायची," एवढंच म्हणाली, "चुलीपाशी बसायची न्हाई, सारखी हिकडं तिकडं. मी म्हणायची, बाई, जेव तरी बसून."

प्रज्ञानं पुठ्ठा उघडला. पिशवी घेतलेल्या बाईचं पान अक्कापुढं धरलं, वरचा ट्रेसिंग पेपर नीट बसवला. अक्कानं हात पदराला पुसले, पान लांब धरलं, जवळ धरलं. "ही कोण?"

"तुम्हीच की, अक्का," प्रज्ञा म्हणाली.

"छे! हे त्वांड माझं न्हवं. हे कुणा शिकल्या-सवरलेल्या बाईचं हाय." प्रज्ञाचा चेहरा पडला. आणि तेवढ्यात अक्काची नजर खाली गेली, आणि ती मोठ्यानं हसली. "आगं बया! पाय माझाच हाय की! ही आंगठ्यावर आंगठा ठिवायची खोड... आईनं किती मारलंय मला हिच्यापायी, बसली की आंगठ्यावर आंगठा, उभी राहिली की आंगठ्यावर आंगठा. हिनं कवा बघितलं गं?" मग ती एकेक पान मागायला लागली. पावसातनं शेजारच्या दोघीजणी आल्या. "ह्यो आमच्या तुकारामाचा, वाकडी टाच बघ. ह्यो सदूचा." एकाही तोंडाकडं कुणी बघत नव्हतं. वरचे ट्रेसिंग पेपर ओसरीवर घसरून पडले होते आणि त्या बायका पायांवरनं गाव ओळखत होत्या. मी तिथं खांबाला टेकून रडले. सगळ्यांदेखत, आवाज करून. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा.

प्रज्ञा पडलेले कागद गोळा करत होती. ते तिनं चुरगाळून पिशवीत कोंबले. "मी घरात बसून काढली, काकू," ती म्हणाली, "मॅडम म्हणाल्यावत्या, तितं जाऊन काढ. मला त्या गेल्यावर यायला झालंच न्हाई. एकटीला... हितं यायचं म्हणजे..." त्या क्षणी माझ्या मनातला संशय गेला. कसा गेला, ते सांगता येणार नाही. मेहरूनंच सांगितलं होतं. आणखी कोण 'तितं जाऊन काढ' म्हणणार?

"मग आता काढ," मी म्हणाले.

अक्कानं आमच्याकडं बघितलं. तिला काय समजायचं ते समजलं असावं. गुडघ्यावर हात ठेवून उठली. "थांबा वाईच," म्हणाली, "त्वांड धुऊन येतो." आणि आत गेली. मागच्या दारी पाण्याचा आवाज आला, मग खसाखसा पुसल्याचा.

प्रज्ञानं कोरा ट्रेसिंग पेपर काढला आणि पुठ्ठ्यावर ठेवला. पेन्सिल धरली. नेहमीच्या सवयीनं पेन्सिलचं टोक कागदाच्या खालच्या कडेला गेलं आणि ती माझ्याकडं बघून म्हणाली, "काकू, पायापास्नं घेऊ?"

"पाय झालेत गं," मी म्हणाले, "ते तिनं केलेत. तू आता तोंड काढ."